पाच इंचांनी आखूड

आर्डिसला काचेचं कपाट करून घ्यायची हौस आली नसती, तर लव्हर्न ड्रेसलर सुखाने मेला असता.

आर्डिस म्हणजे प्लम क्रीक कॉलेजच्या क्रीडा कचेरीत एकतीस वर्षं खुर्ची अडवून बसलेली बाई. गुरुवारी सकाळीच तिचा फोन आला. "शनिवारी मैदानाला कोच हॅगलंडचं नाव देतायत, ठाऊक आहे ना? तुझ्या गॅरेजमधली ती जुनी साखळी हवीय. समारंभात मिरवायची आणि मग कपाटात लावायची. जरा मोजून सांग."

"दहा यार्डांची असते, आर्डिस. तीस फूट. त्यात मोजायचं काय?"

"सुताराला आकडा हवाय. वाद घालू नकोस. आणि पुसून ठेव, तुझ्याकडच्या प्रत्येक वस्तूला गटाराचा वास येतो."

लव्हर्न प्लंबर होता, त्यामुळे हे बोलणं त्याने मनाला लावून घेतलं नाही. गेली अडतीस वर्षं, प्रत्येक घरच्या सामन्याला, नारिंगी बंडी घालून तो मैदानाच्या कडेला साखळीचा एक खांब धरून उभा राहत आला होता. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही तर चेंडू समोरच्याच्या हवाली करायचा, एवढाच त्या अमेरिकन फुटबॉलचा कायदा. आणि दहा यार्ड झाले की नाही यावर बावीस धटिंगण भांडायला लागले की साखळी आत न्यायची, ताणायची, आणि ती म्हणेल ते खरं. पगार शून्य. मध्यंतराला एक हॉटडॉग, तोही गार. पण नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात लव्हर्नला पाद्र्याच्या खालोखाल मान होता, आणि पाद्रीसुद्धा दर चार वर्षांनी बदलत.

त्याने साखळी जमिनीवर पसरली, टेप लावला. एकोणतीस फूट सात इंच.

त्याने पुन्हा मोजलं. चष्मा पुसून मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं आणि मग बर्फाच्या पेटीवर बसकण मारली. साखळीच्या मधोमध एक कडी वेगळ्या रंगाची होती, आणि तिच्यावर पक्कडीचे दात उमटले होते. पक्कड त्याचीच होती. अजून भिंतीवर लटकत होती.

अठ्ठ्याऐंशी सालचा डिसेंबर. विजेतेपदाचा सामना, समोर कॅन्ससची टीम, थंडी अशी की थुंकी खाली पडेपर्यंत गोठावी. मध्यंतरात वाद्यवृंदाच्या ढोलाची गाडी साखळीवरून गेली आणि दोन कड्या चेपून तुटल्या. लव्हर्नच्या खिशात पक्कड होती. त्याने तुटलेल्या कड्या काढून फेकल्या, उरलेली टोकं खिशातल्याच एका कडीने सांधली, ओढून पाहिली आणि स्वतःवर खूश झाला. गळती थांबली म्हणजे काम झालं, हा प्लंबरचा हिशेब. जे कापून टाकलं ती लांबीसुद्धा होती, हे त्याच्या डोक्यात तेव्हाही आलं नाही आणि पुढची पस्तीस वर्षंही आलं नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत प्लम क्रीक मागे होतं. चौथा प्रयत्न. माणसांच्या ढिगाऱ्यातून चेंडू बाहेर निघाला आणि साखळी मागवली गेली. चेंडूचं टोक खांबाच्या पुढे भरलं तीन बोटं. फक्त तीन बोटं! त्यानंतर तिसऱ्या झटक्यात सामना जिंकला, गावाने दोन दिवस दुकानं उघडली नाहीत, आणि ऑर्विल हॅगलंड हा माणूस न राहता पुतळ्याचा कच्चा माल झाला. मोसम संपल्यावर कॉलेजने नवी साखळी घेतली आणि जुनी लव्हर्नला आठवण म्हणून दिली. आठवण तर राहिलीच.

त्या तीन बोटांच्या जोरावर विश्वस्तांनी चार वर्षांनी हॅगलंडला क्रीडा संचालक केलं. मैदानावर तो शेर होता. खुर्चीत बसल्यावर त्याला वाटायला लागलं की कुरणही आपलंच आहे. वार्ताहरांसाठी तीन मजली इमारत बांधली, त्यात स्वतःसाठी गालिचा घातलेली लिफ्ट. आपल्या जागी नेमलेल्या तीन प्रशिक्षकांना घालवलं, त्यातल्या एकाला तर चर्चच्या जेवणात, बटाट्याच्या सॅलडच्या रांगेत, हातात ताट असताना. आणि पंचाण्णव साली मुलींची सॉफ्टबॉलची टीम बंद केली. पैसे देणाऱ्या थोरामोठ्यांच्या गाड्यांना जागा पुरत नव्हती, म्हणून त्यांच्या मैदानावर डांबर ओतलं.

त्या टीमची चेंडू फेकणारी होती रोंडा ड्रेसलर, लव्हर्नची एकुलती एक लेक. शेवटचं वर्ष राहिलं होतं तिचं. ती लिंकन शहरात निघून गेली, नर्स झाली, आणि अठ्ठावीस वर्षांत कॉलेजच्या आवारात तिने पाऊल टाकलं नाही. नाताळला घरी यायची तीसुद्धा कॉलेज टाळून, लांबच्या रस्त्याने.

आता म्हणावं तर हॅगलंड नुसता हलकट, तेही जमेना. लव्हर्नची बायको फिलिस आजारी होती त्या हिवाळ्यात पहाटे कुणीतरी दारातला बर्फ उपसून जायचं. एकदा लव्हर्नने पडदा सारून पाहिलं, तर पाच आडदांड खेळाडू फावडी मारतायत आणि कोच त्यांच्यावर दबक्या आवाजात खेकसतोय, "हळू रे गाढवांनो, बाई झोपल्यात." सगळा हिवाळा चाललं होतं ते. अशा माणसाचा धड रागही करता येत नाही, आणि लव्हर्नला याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

पण बर्फाच्या पेटीवर बसून त्याला छळलं ते वेगळ्याच विचाराने. साखळी पुरी असती तर चेंडू चार बोटं अलीकडे पडला असता. सामना गेला असता. हॅगलंड संचालक झाला नसता. रोंडाचं मैदान राहिलं असतं. म्हणजे तिच्या मैदानावर डांबर ओतणारा पहिला हात बापाचा होता. हे तिला कळलं तर ती लांबच्या रस्त्यानेसुद्धा येणार नाही, आणि लव्हर्नला तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

दुपारी तो हॅगलंडच्या घरी गेला. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होता.

"खाली कोण आहे? शिडी धर!" वरून हुकूम आला.

लव्हर्नने शिडी धरली. "कोच, शनिवारी तुम्ही सॉफ्टबॉलच्या मुलींचा मान करायचा. सगळ्यांसमोर. नाही तर मी साखळीची गोष्ट सांगेन."

"कुठली गोष्ट?"

"शिडी कोण धरून उभा आहे ते ध्यानात ठेवून बोला. साखळी आखूड होती. अठ्ठ्याऐंशी साली."

वरून ओल्या पानांचा लगदा लव्हर्नच्या टोपीवर पडला. मग हसू ऐकू आलं. "किती निघाली रे?"

"पाच इंच."

"पाच! मला वाटलेलं तीन." म्हातारा एकेक पायरी उतरत खाली आला. "मध्यंतरात तुझ्या हातात पक्कड पाहिली होती मी. कड्या खाली पडलेल्याही पाहिल्या."

"आणि गप्प बसलात?"

"मी पंच होतो का? मी कोच होतो." त्याने हात पँटला पुसले. "सांग की गावाला. कोण ऐकणारे? म्हणतील, कॅन्ससवाल्यांनी लाच दिली. पोरीला सांगितलंस?"

लव्हर्नने टोपीवरची पानं झटकली.

"हं," हॅगलंड म्हणाला. "म्हणजे माझं वस्त्रहरण चालेल, तुझं नको."

"तुम्ही बंद केलीत टीम, मी नाही!"

"मी केली. आणि तेव्हा मला ती फार हुशारी वाटली होती." तो पानांकडे बघत बोलला. "चारदा फोन केलाय मी तिला. चारही वेळा आपटला. शेवटच्या वेळी म्हणाली, आधी डांबर काढा. बोलाव तिला. सांग, म्हातारा जागा मोकळी करून देणार आहे."

रात्रीच्या जेवणाआधी लव्हर्नने फोन लावला. रोंडा म्हणाली, "बाबा, त्या पार्किंगमध्ये मी पाय ठेवणार नाही, माहितीये तुम्हाला."

"तो म्हणतो, रिकामं करून देतो."

पलीकडून येणारा भांडी घासल्याचा आवाज थांबला. "किती वाजता?"

शनिवारी मध्यंतराला हॅगलंडला मैदानाच्या मध्यावर उभं केलं. बाजूला लव्हर्न, हातात पॉलिश केलेली साखळी. विश्वस्तांच्या अध्यक्षाने भाषण केलं, त्यात 'वारसा' हा शब्द अकरा वेळा आला. मग ध्वनिक्षेपक हॅगलंडकडे गेला.

"आभारी आहे," तो म्हणाला. "आता एक सूचना. पूर्वेच्या पार्किंगमध्ये सहा नंबरच्या दिव्याभोवती ज्यांच्या गाड्या आहेत, त्यांनी त्या हलवाव्यात. आत्ता. शेगड्यांसकट. डिक ऱ्हेम, तुझी ती बसएवढी गाडी सगळ्यात आधी."

चार हजार माणसं हसली. त्यांना थट्टा वाटली. हॅगलंड मात्र ध्वनिक्षेपक अध्यक्षाच्या हातात कोंबून तरातरा चालू लागला, आणि साखळी खळखळवत मागे लव्हर्न. काय करणार? समारंभाचा नवरदेवच निघाला म्हटल्यावर निम्मी वरात मागे आली.

ट्रॅक्टर विकून गब्बर झालेला डिक ऱ्हेम शेगडीवर सॉसेज परतत होता. "अहो कोच, तुमच्या लिफ्टला पैसे मी दिलेत!"

"लिफ्ट घेऊन जा. गाडी काढ."

गाड्या निघाल्या. सहा नंबरच्या दिव्याखाली डांबराला एक बशीएवढा खळगा होता. मुलींच्या जुन्या मैदानात फलंदाजाची पाटी असायची ती ही जागा. कितीदा डांबर ओतलं तरी तिथे खचायचंच. रोंडा तिथे आधीच उभी होती, अठ्ठेचाळीस वर्षांची, गुडघ्याला पट्टा, काखेत जुना चेंडू. तिने बापाकडे पाहून मान हलवली. कोचकडे पाहिलंही नाही.

"पाटीपासून फेकीची रेघ त्रेचाळीस फूट, बरोबर?" हॅगलंडने विचारलं. "लव्हर्न, मोज. एक साखळी आणि वर तेरा बूट."

लव्हर्नचा बूट बरोब्बर एक फुटाचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याने खळग्यापासून साखळी पसरली. पुढे तेरा पावलं टाचेला चवडा लावून मोजली आणि खडूने रेघ ओढली. तोवर हॅगलंडने कुणाचीतरी बर्फाची पेटी ओढून खळग्यामागे ठेवली, तिच्यावर बसला आणि कोटाच्या आतून एक भेगाळलेला चामडी हातमोजा काढून चढवला.

"टाक," तो म्हणाला. "तीस वर्षं तुंबलंय तेवढं टाक."

रोंडा रेघेवर जाऊन उभी राहिली, हात गरकन फिरवला आणि खालून चेंडू सोडला. हॅगलंडच्या गळ्यापाशी तो मोज्यात थाडकन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोंडा मात्र पायाखालच्या रेघेकडे बघत होती.

"बाबा, अंतर कमी आहे."

"काहीतरीच काय," हॅगलंड पेटीवरून ओरडला. "साखळी ठीक आहे, तू म्हातारी झालीस."

"माझा चेंडू शेवटच्या क्षणी खाली पडतो. हा पडायच्या आत पोचला. अंतर कमी आहे."

हॅगलंडने लव्हर्नकडे पाहिलं आणि किंचित मान हलवली. गप्प बस, असं तो सांगत होता. तो हे ओझं आणखी पस्तीस वर्षं निमूट वाहायला तयार होता. वय तेवढं उरलं नव्हतं.

"कमी आहे," लव्हर्न म्हणाला. "पाच इंच. मीच कापली. त्या अठ्ठ्याऐंशीच्या सामन्यात, मध्यंतराला. मुद्दाम नाही केलं, पण मीच."

पलीकडे हलवलेल्या ऱ्हेमच्या शेगडीवर सॉसेज जळत होते. आर्डिसने तोंडावर हात ठेवला. रोंडा साखळीकडे बघत राहिली, मग पेटीवरच्या म्हाताऱ्याकडे, मग बापाकडे. ती हिशेब करत होती आणि लव्हर्नला त्या हिशेबाची प्रत्येक पायरी तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. ती शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा त्याने डोळे खाली घातले.

"पाच?" तिने विचारलं.

"पाच."

ती रेघेपासून अर्धं पाऊल मागे सरकली. "बाबा, इथे?"

लव्हर्न गुडघ्यावर बसला. बोटांनी मोजलं. "आणखी जरासं. बास. इथे."

त्याने तिच्या बुटाच्या टोकाशी नवी रेघ ओढली. उठताना तिने त्याला दंडाला धरून उठवलं, आणि तो उभा राहिल्यावरही हात लगेच सोडला नाही.

"कोच," ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली, "हातमोजा नीट धरा."

चेंडू सरळ आला आणि शेवटच्या क्षणी, पायऱ्या उतराव्यात तसा, खाली पडला. हॅगलंडचा मोजा छातीशी राहिला, चेंडू खालून पेटीवर आदळला आणि म्हातारा पेटीसकट मागे कलंडला. दोघंतिघं धावले. त्याने सगळ्यांना हाताने लांब केलं, डांबरावर बसूनच चेंडू शोधून काढला, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवले नाहीत.

"हे मी बंद केलं होतं?" तो म्हणाला.

"हो," रोंडा म्हणाली. "हेच."

त्याने चेंडू तिच्याकडे घरंगळत सोडला, पेटी सरळ केली आणि पुन्हा तिच्यावर बसला.

"अजून एक टाक."