गोडाऊनचा दृष्टांत

भिवंडीजवळच्या कोन गावात कुणी वारलं की दहाव्याला खाडीवरच्या घाटावर हिरामणबुवांचं प्रवचन ठरलेलं. भटजींना एक वेळ उशीर झाला तरी चालायचं, बुवांना नाही. आणि बुवा म्हटलं की गोडाऊनचा दृष्टांत. दुसरीकडचे बुवा दिव्याचा देतात, फुलाचा देतात. देऊ देत बापडे. आमच्या भिवंडीच्या पट्ट्यात निम्मी शेतं गोडाऊनखाली गेली, इथं फुलाकडे बघतो कोण?

बुवा उभे राहायचे, गळ्यातली माळ सारखी करायचे आणि म्हणायचे, "अरे, आपलं घर म्हंजे गोडाऊन. माल कुनाचा? मालकाचा. त्याची गाडी आली, त्यानं माल उचलला. आता मना सांगा, गोडाऊन कधी रडतं काय?" आणि इथं थांबायचे. अख्खा घाट ओरडायचा, "न्हाय!" ओरडता ओरडता माणसं डोळे पुसायची आणि त्या दिवशी घरी जाऊन चार घास नीट खायची. यात थट्टा नाही. त्या एका प्रश्नानं बुवांनी कितीतरी मोडलेली घरं उभी केली होती.

बुवांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हिरामण, दृष्टांत एकाच अंगानं लागतो. लागतो तिथंच टेक आणि पुढं हो. दुसऱ्या अंगाला हात लावलास की कोसळला." बुवांनी ते आयुष्यभर पाळलं. दुसऱ्या अंगाला हात लावायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती.

त्यांची एकुलती एक पोरगी उन्नती पडघ्याला एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची. जिभेला हाड नाही अशी पोर. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, माझ्या दहाव्याला तुमचं ते गोडाऊन नको हां. आठ तास तेच बघते मी." पुतळाबाईनं, तिच्या आईनं, हातातली पळी तशीच उगारली. "तोंड आवर गो! जेवताना कसलं अभद्र बोलतेस?" उन्नती हसून हसून ठसकली. बुवाही हसले होते.

मग एका सकाळी शिफ्टला जाताना हायवेच्या कडेला ट्रेलरनं तिची स्कूटी उडवली. दुपारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. पुतळाबाई भिंतीला टेकून खाली बसली. बुवांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांचं तोंड आपसूक बोललं, "पुतळे, मालकाचा माल होता, मालकानं नेला."

पुतळाबाईनं मान वर केली. "मंग दुसरा माल कवा येनार?"

गोडाऊन रिकामं राहत नाही, हे इथं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. बुवांनी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला. त्यानंतर पुतळाबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि आत जायची.

बुवांचं म्हणाल तर त्यांना काही होतच नव्हतं. लोक भेटायला येत, हे सगळ्यांना बसा म्हणत. कुणी गळ्यात पडून रडलं तर त्याला थोपटत. बसून बसून पाय सुजले, चपलेत मावेनात, म्हणून अनवाणी फिरत. चहा सांडून मनगट भाजलं तेही शेजारच्या जाहिदानं दाखवलं तेव्हा त्यांना दिसलं. ही जाहिदा भिंतीपलीकडची. उन्नती लहान असताना अर्धा वेळ तिच्याच ओटीवर असायची. आता पुतळाबाई बोलायची ती फक्त हिच्याशी.

नवव्या दिवशी जाहिदा पडवीत येऊन उभी राहिली. "भावजी, पुतळानं सांगून पाठवलंय. उद्या पोरीला कशासारखी म्हनायचं नाय. गोडाऊन नाय, दिवा नाय, काय पन नाय."

"मी बोलनारच न्हाय. लडकू बोलंल."

"मंग लडकूला सांगा. नाय ऐकलंत तर ती उद्याच भावाकडं कशेळीला जानार. पिशवी भरलीय तिनं, मी बघितली. परत येनार नाय ती, भावजी. मी ओळखते तिला."

"दिला शब्द," बुवा म्हणाले. पुतळाबाई गेली तर या घरात आपण एकटे, हे त्यांना कळत होतं. पण कळूनही त्यांना काहीच वाटलं नाही, आणि याचंच त्यांना भय वाटायला हवं होतं.

लडकू हा बुवांचा शिष्य. दिवसा टेम्पो चालवायचा, संध्याकाळी बुवांच्या मागे टाळ धरायचा. त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहराच पडला. "दृष्टांत न्हाय? बुवा, मंग बोलू काय मी?"

"पोरीबद्दल बोल."

"बोलतो. पन म्हंजे... कशी होती म्हनून सांगू?"

बुवा "होती तशी सांग," एवढंच म्हणाले.

दहाव्याला सकाळी घाट भरला. घाटाच्या मागेच गोडाऊनची निळी भिंत, तिच्यापलीकडे ट्रक मागे घेताना वाजणारी पिपाणी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. बायांत कडेला पुतळाबाई, आणि तिच्या मांडीशी ती पिशवी.

लडकूनं सुरुवात बरी केली. उन्नती लहानपणी टेम्पोत पुढं बसायची, हॉर्न वाजवू दे म्हणून जीव खायची, असं सांगितलं. मग गाडी अडली. घाट वाट बघायला लागला, कुणी खोकलं, कुणी मांडी बदलली. लडकूची ततपप झाली. बुडता माणूस हाताला लागेल ते धरतो, तसं त्यानं धरलं. "अरे... आपलं घर म्हंजे गोडाऊन!"

लोक सावरून बसले. हे ओळखीचं होतं.

बुवांनी हात वर केला असता तरी पुरे होतं. त्यांनी केला नाही. त्यांच्या मनात आलं ते भलतंच. हा वरच्या पट्टीत सुटला, शेवटाला आवाज फाटणार याचा. 'मालकाचा' म्हणताना थांबायला हवं होतं, घाई केली गाढवानं. पोटची पोर गेली होती आणि बाप शिष्याच्या चुका काढत बसला होता.

"त्याची गाडी आली," लडकू म्हणाला, "त्यानं माल उचलला..." आणि त्याला हुंदका फुटला. त्या सकाळी हायवेवर टेम्पो थांबवून स्कूटीखालून उन्नतीला त्यानंच उचललं होतं. त्याच्या तोंडून पुढं शब्द निघेना. घाट श्वास धरून बसला. पिपाणीही थांबली. ती मोकळी जागा बुवांना सोसेना. तीस वर्षं ती जागा त्यांनीच भरली होती.

"गोडाऊन कधी रडतं काय?" बसल्या जागेवरून बुवा बोलून गेले.

"न्हाय!" घाट ओरडला.

बायांमध्ये पुतळाबाई उठली. तिनं आरडाओरडा केला नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि पायऱ्यांकडे वळली.

बुवा उभे राहिले. "थांब, पुतळे."

लोकांना वाटलं, आता खरं प्रवचन होणार. लडकू नाक पुसत बाजूला झाला. पुतळाबाई पायरीवर थांबली, पण पाठ फिरवून.

"माजी उन्नती," बुवा म्हणाले, आणि जीभ सवयीनं 'म्हंजे' शोधायला लागली. दिवा आला. पाखरू आलं, पाहुणी आली, पिकलेलं फळ आलं, सगळे दृष्टांत दारात येऊन उभे राहिले, मी येऊ का बुवा म्हणून. बुवांनी एकेकाला परत पाठवलं. त्याला वेळ लागला. मागे कुणीतरी कुजबुजलं, बुवा विसरले काय?

"माजी उन्नती," ते पुन्हा म्हणाले, "उन्नतीसारखी होती."

घाट पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. बुवांनी पाठमोऱ्या पुतळाबाईकडे पाहिलं.

"तू इचारलंस ना हॉस्पिटलात? दुसरी न्हाय येनार, पुतळे. कवाच न्हाय येनार."

यावर काय ओरडायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुतळाबाई वळली. तिनं बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"बसा आता," ती म्हणाली. "पाय बघा किती सुजल्यात."

बुवा खाली बसले. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांना पाय दुखत असल्याचं कळलं, आणि मग एकदम सगळंच दुखायला लागलं. ते रडले, तोंड वेडंवाकडं करून, मोठ्यानं, अख्ख्या घाटासमोर. पुतळाबाई पायऱ्या उतरून आली, पिशवी बाजूला ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली.