चंपतराव मेंबरच्या पायऱ्या

सक्करदऱ्याच्या तलावाकडून येणारा रस्ता जिथे वळतो, तिथे एकाहत्तर साली चंपतराव मेंबरचं घर उठलं. घराचं नाव व्हायच्या आधी त्याच्या पायऱ्यांचं नाव झालं. पायऱ्या एकवीस. रस्त्यावरून निघायच्या त्या थेट माडीवरच्या बैठकीत. आणि एकेक पायरी नऊ इंच उंच.

लहानू मिस्त्रीने पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "मेंबरसाहेब, सहाची पायरी द्या. लय झालं तर सातची. नवाच्या पायरीवर माणूस चालत नाही, डोंगर चढते."

"मले डोंगरच पाहिजे," चंपतराव म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. आदल्या साली चंपतराव एक अर्ज घेऊन दिल्लीला गेले होते. तिथल्या मोठ्या कचेरीच्या पायऱ्या चढून ते साहेबासमोर उभे राहिले, तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. साहेबाने पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला. चंपतराव 'मेहरबानी' म्हणून खाली आले. अर्ज खिशातच होता. दुसरा कोणी असता तर चरफडला असता. चंपतराव मात्र गाडीत बसले ते नागपूर येईपर्यंत मांडीवर थाप मारत आले. राज्य कसं करतात, ते त्यांना समजलं होतं.

"दम लागलेला माणूस भांडत नाही, लहानू," त्यांनी सांगितलं. "बांध तू."

लहानूने बांधल्या. मेंबरसाहेबांच्या स्वतःच्या जाण्यायेण्यासाठी मागून एक आतला जिना केला. त्याची पायरी साडेपाच इंच होती आणि धरायला गुळगुळीत कठडा होता.

या कामावर प्रयागबाई रेजा होती. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन विटा, रेती, कालवलेला सिमेंटचा मसाला वर पोचवणारी बाई. पंचेचाळिशीची, काटकुळी, तंबाखूचा बार दाढेत धरून दिवसभर बोलणारी. चार महिने ती आणि तिची जोडीदारीण कांताबाई त्या एकवीस पायऱ्या चढत-उतरत होत्या. पहिल्या आठवड्यात पोटऱ्यांचे गोळे झाले. दुसऱ्या आठवड्यात दुखणं गेलं. तिसऱ्या आठवड्यात प्रयागबाई डोक्यावर मसाला घेऊन चढता चढता सुनेच्या भाजीत मीठ कसं कमी असतं ते पायथ्यापासून सुरू करायची आणि वर पोचेपर्यंत संपवायची.

घर झालं, पायऱ्यांवर फरशी बसली, मेंबरसाहेब बैठकीत बसू लागले. शेवटी राहिली कंपाउंडची भिंत. एका सोमवारी सकाळी लहानूने खुंट्या ठोकून दोरी ताणली आणि दोरीखाली चुन्याची रेघ मारली. प्रयागबाईने घमेलं खाली ठेवलं.

"लहानूभाऊ, दोरी चुकली गा तुही."

"नाही चुकली."

"नळ आत चालला ना."

नळ म्हणजे पायऱ्यांच्या डाव्या अंगाला असलेला सरकारी नळ. प्रयागबाईच्या बत्तीस घरांच्या वस्तीला तो एकच होता. सकाळी तास, दुपारी चारला तास. चुन्याची रेघ त्याच्या पलीकडून गेली होती.

लहानूने खाली पाहत सांगितलं, "साहेबाचं म्हणणं आहे, भिंतीले फाटक राहीन. ते उघडतीन तेव्हा पाणी भरा."

"आन् नाही उघडलं तं?"

लहानूने ओळंब्याची दोरी उगाच गुंडाळली. "आज पाया खोदतो. उद्या सकाळी वीट लावतो. वीट लागली की माह्या हातात काही नाही, बाई."

दुपारच्या सुट्टीत वस्तीची माणसं बौद्ध विहाराच्या ओट्यावर जमली. गोपाळराव पुढे झाले. शाळेत चपराशी म्हणून तीस वर्षं काढलेले, घंटेसारखा आवाज. जयंतीच्या भाषणात त्यांना भोंगा लागत नसे. ते टोपी झटकून निघाले आणि पायऱ्या चढू लागले. खाली सगळे कान लावून उभे. पहिल्या पायरीपासूनच गोपाळराव जोरात म्हणत होते, "आमी नागरिक आहो." दहाव्या पायरीवर नुसतं "नागरिक" उरलं. पंधराव्या पायरीवर काहीच ऐकू येईना.

थोड्या वेळाने गोपाळराव खाली आले. चेहरा प्रसन्न.

"काय म्हटलं मेंबरनं?"

"लय भला माणूस आहे," गोपाळराव म्हणाले. "सोताच्या हातानं पाणी पाजलं. बसा म्हणे, दम घ्या."

"नळाचं काय?"

गोपाळरावांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. "नळाचं राहिलंच."

मग रुपराव टांगेवाला गेला. तोही पाणी पिऊन, हात जोडून परत आला. वर त्याला बडीशेपही मिळाली होती. तिसऱ्याला सोबत म्हणून चौथा गेला, तर दोघे एकमेकांच्या खांद्याला धरून उतरले.

कांताबाई हसून हसून पायरीवर बसली. "आपली गड्याची जात वर जाऊन पाणी पिऊन राहिली," ती म्हणाली, "आन् आपल्याले खाली पाणी नाही."

प्रयागबाई मात्र हसत नव्हती. ती पायऱ्यांकडे पाहत होती. तेराव्या पायरीची फरशी कोपऱ्यात टवका उडालेली होती. तो टवका तिच्याच घमेल्याने उडाला होता. तिने दाढेतली तंबाखू थुंकली, पदर खोचला आणि चढू लागली. डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळे अंग असं हलकं लागत होतं की हात कुठे ठेवावे ते तिला समजेना. तिने ते कमरेवर ठेवले.

वर चंपतराव लोडाला टेकून होते. बाजूला थंड माठ, पितळी पेला. त्यांनी पेला भरून पुढे केला. "ये, बाई. बस. दम घे."

"दम कायले?" प्रयागबाई म्हणाली. "जय भीम, मेंबरसाहेब. नळ आमचा आहे. भिंत चार हात मांगं घ्या."

चंपतरावांचा पेला हवेत राहिला. दम लागला का, म्हणून त्यांनी तिच्या नाकाकडे पाहिलं. नाकपुडीही हलत नव्हती. आणि बाई बोलत होती. नळ कोणत्या साली लागला, कोणाच्या घरची पोरगी तापाने पडली म्हणून लागला, मेंबरसाहेबांनी मतं मागताना त्याच नळावर पाय धुऊन कोणतं वचन दिलं, सगळं. दिल्लीत हे असं काही घडलं नव्हतं.

"पाहतो मी," ते घाईने म्हणाले. "येऊन पाहतो."

"चाला मंग."

"आता?"

"वीट उद्या लागून राहिली."

खाली सारी वस्ती मान वर करून उभी होती. मागच्या जिन्याने उतरावं, तर पळाल्यासारखं दिसलं असतं. चंपतरावांनी धोतराचा सोगा धरला आणि समोरूनच उतरले. नळ पाहिला. चुन्याची रेघ पाहिली. घसा साफ केला.

"नकाशात पाहावं लागते. नकाशा वर आहे."

"चाला," प्रयागबाई म्हणाली.

ती त्यांच्या बरोबरीने चढली, बोलत बोलत. एक पायरी पुढे नाही, एक मागे नाही. वर चंपतरावांनी नकाशा काढून लोडावर पसरला. नकाशात नळ होता आणि तो रस्त्यावर होता.

"माप," चंपतराव म्हणाले. एवढाच शब्द निघाला.

"माप खाली घ्या लागते," प्रयागबाईने आठवण करून दिली.

खाली लहानूने टेप धरला. माप वस्तीच्या बाजूने निघालं. लहानूने ते असं खणखणीत सांगितलं की रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेलं. चंपतराव म्हणाले की माप लिहून घ्यावं लागेल आणि वही वर आहे. बोलून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय म्हणून बसलो. पण सगळ्यांनी ऐकलं होतं.

आता वस्तीची माणसं पायऱ्या मोजू लागली. सहा. सात. आठ. प्रयागबाई शेजारून सुनेच्या भाजीतल्या मिठाची गोष्ट सांगत होती. अकराव्या पायरीवर चंपतराव बसले. धोतर, जाकीट, सोन्याची साखळी, सगळं घेऊन नागरिकांसमोर फरशीवर बसले.

प्रयागबाई उरलेल्या दहा पायऱ्या चढून गेली, माठातून पेला भरून आणला आणि त्यांच्यासमोर धरला. "बसा, साहेब. दम घ्या."

त्यांनी पाणी प्यायलं. डोळे मिटले. "चार हात ना?" ते कसेबसे म्हणाले. "घे."

"पाच," प्रयागबाई म्हणाली.

चंपतरावांनी वर पाहिलं. वर दहा पायऱ्या होत्या. खाली अकरा होत्या.

"पाच," ते म्हणाले.

लहानूने त्याच वेळी खुंटी उपटली. दोरी पाच हात मागे ताणली आणि नवी रेघ मारली. चुना इतक्या खुशीने टाकला की रेघ वीतभर रुंद झाली.

पुढच्या बुधवारपर्यंत भिंत उभी झाली. नळ बाहेर राहिला. दुपारी चारला पाणी येई, पण बायका साडेतीनलाच जमत, आणि बसायला शेजारीच, रस्त्याला लागून, पायऱ्यांची एवढी चांगली फरशी होती. एका पायरीवर पाण्याचा एक गुंड, म्हणजे घागर, आणि एक बाई. पहिली आली ती खालच्या पायरीवर, शेवटची वर. नंबरावरून होणारी भांडणं मिटली, कारण पायरी कोणाला खोटी करता येत नाही. मेंबरसाहेबांना भेटायला येणारी माणसंही गुंडांच्या मधून वाट काढता काढता पायरीपायरीवर थांबत, बायकांशी गप्पा मारत, आणि आरामात श्वास घेत वर पोचत. त्यांचे अर्ज खिशात राहीनासे झाले.

एक दिवस चंपतरावांना सभेला जायचं होतं. आतल्या जिन्याला रंग दिला होता. ते समोरच्या दाराशी आले आणि एकवीस पायऱ्यांवरचे एकवीस गुंड पाहत उभे राहिले.

"थोडी वाट द्या, बायांनो."

कांताबाईने सर्वांत वरच्या पायरीवरून आपला गुंड जरा सरकवला. "बसा ना, मेंबरसाहेब," ती म्हणाली. "आमच्यानंतर तुमचाच नंबर आहे."