आवाज न येण्याची चाचणी

खरवईच्या एका इमारतीत ड्रमचा आवाज खाली येतो का, हे तपासायला रविवारी दुपारी सोसायटीची कमिटी तक्रार करणाऱ्या गोजरबाईंच्या घरी जमली, तेव्हा सगळ्यात आधी कमिटीवाल्यांनी फ्रिज बंद केला. मग पंखा. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून गॅलरीत नेऊन ठेवलं, कारण ते टिकटिक करून पुराव्यात ढवळाढवळ करत होतं.

बरोबर वरच्या मजल्यावर अल्पेश आपल्या ड्रमसमोर बसून हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकत होता. फोन सेक्रेटरी कमलेशभाईंनी लावून ठेवला होता. त्यांचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गाद्यांचं दुकान, त्यामुळे शांतता या विषयातलं शेवटचं मत आपलंच, असं ते धरून चालत.

ठरलं होतं ते सरळ होतं. ड्रमची नुसती ठक जरी खाली ऐकू आली, तर ड्रम संध्याकाळच्या आत इमारतीबाहेर. आणि ड्रम बाहेर गेला की शनिवारी अंबरनाथच्या हळदीत वाजवणंही गेलं. लग्ना-हळदीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचा जुना ड्रमर मनगट बांधून घरी बसला होता आणि त्याच्या जागेवर अल्पेशला पहिल्यांदाच बसवणार होते. पार्टीच्या मालकाने बजावलं होतं, हळदीतून नवरा पळाला तरी निभतं, ड्रमरचा पाय चुकला तर पाहुणे मारतात. अल्पेशचे हात तयार होते. पाय नव्हता. पाय तयार करायला घराशिवाय जागा नव्हती. नाथाकाकाच्या गोठ्यात त्याने एकदा वाजवून पाहिलं, तर म्हशींनी पान्हा चोरला. दोष ड्रमचाच होता असं नाही, पण म्हशींना विचारणार कोण.

बंदोबस्त त्याने कसून केला होता. ड्रमच्या तोंडावरची पानं काढून त्या जागी जाळी ताणली होती, झांजांच्या जागी रबराच्या थाळ्या लावल्या होत्या. खरी भानगड पायाच्या ड्रमची. त्याचा दणका हवेतून जातच नाही, लादीतून उतरतो. वाजवणाऱ्याला काही कळत नाही आणि खालच्याच्या छातीत धडधडतं. म्हणून त्याने दोन प्लायच्या मध्ये टेनिसचे बॉल भरून चौथरा केला होता. बॉल कात्रपच्या क्रिकेटवाल्यांनी टाकलेले, टक्कल पडलेले. चौथऱ्यावर बसलं की होडीत बसल्यासारखं व्हायचं.

"चालू कर बेटा," फोनमधून कमलेशभाई म्हणाले. "हम सब कान लावून बसलेत."

अल्पेशने काठ्या उचलल्या आणि समोर पाहिलं. दारात आई उभी होती. हातात नारळ.

"नारल फोरल्याबिगर हात लावलास, म्हनून ही सगली पनवती लागली," ती म्हणाली.

अल्पेशने फोनवर पंजा दाबला आणि कुजबुजत सांगितलं की नंतर फोडू. आईने विचारलं, नंतर म्हणजे ड्रम टेंपोत चढवताना का. घरात नवीन गाडी आली, मिक्सर आला, नळाला नवीन मोटर बसली, प्रत्येकाचा नारळ फुटला होता; एवढं मोठं वाद्य आणलं आणि त्यालाच कोरडं ठेवलं. बरं, नारळ फुटायचा तोही एका घावात. दोन लागले तर न फोडलेला बरा.

म्हणजे आता अल्पेशला बिनआवाजाचा नारळ फोडायचा होता. त्याने तो आधी चौथऱ्यावर आपटला. नारळ टप्पा खाऊन त्याच्या कपाळाजवळून गेला आणि सोफ्यात बसला. आईने तो घाव धरला नाही, कारण नारळालाच तो लागला नव्हता. मग उशीत गुंडाळून आपटला. उशी फाटली, म्हणून तो घाव उशीच्या नावावर गेला.

"अल्पेश? तू वाजवतोयस क्या?" फोन विचारत होता.

"नाही, बसतोय," अल्पेश म्हणाला. तेवढ्यात आईने नारळ उचलला, उंबऱ्यापाशी गेली, देवाचं नाव घेतलं आणि हात वर केला. तो उठेपर्यंत उशीर झाला होता.

आवाज जिन्यावरून तळमजल्यापर्यंत जाऊन परत आला. अल्पेशला दिसायला लागलं, टेंपोत ड्रम, शेजारी आपण.

"ये क्या था?" कमलेशभाई.

"आईने नारळ फोडला. ड्रमचा."

मग गोजरबाईंचा आवाज आला. "एका घावात फुटला का?"

"हो आजी."

"मग तो आवाज धरू नका, कमलेशभाई. वाजव रं."

अल्पेशने हळदीचा ठेका धरला. आधी भीत, मग पाय मोकळा सोडून. घामाने काठ्या निसटायला लागल्या तरी थांबला नाही. सगळं गाणं संपवून तो फोनकडे पाहत राहिला.

"वाजव ना," कमलेशभाई वैतागून म्हणाले. "कितनी देर बसायचं?"

"वाजवून झालं."

खाली एकदम कुजबुज उठली. कमलेशभाईंनी जाहीर केलं की आवाज शून्य, मामला खतम. अल्पेशने काठ्या खाली ठेवल्या.

"खतम कसला," गोजरबाई म्हणाल्या. "माझं ऐका. आधी हा वाजवायचा ते कळायचं. थांबला की मी डोळा लावायची. आता थांबला कधी, ते मला कळायचं कसं? दिवसभर छताकडं बघत पडू?"

कमिटी विचारात पडली. मुद्दा बिनतोड होता. अर्धा तास चर्चा करून त्यांनी अट घातली: ड्रम घरात राहील, पण वाजवायला बसताना आणि उठताना अल्पेशने लादीवर दणका द्यायचा, म्हणजे आजींना शांतता कधीपासून कधीपर्यंत आहे ते समजेल.

अल्पेशला शनिवार दिसत होता. तो लगेच हो म्हणाला. आईने स्वयंपाकघरातून वरवंटा आणून दिला. त्याने चौथऱ्याशेजारी बसून, जीव मुठीत धरून, लादीवर हलकेच टेकवला.

फोनमधून लगेच आवाज आला.

"काहीच ऐकू आलं नाही," गोजरबाई म्हणाल्या. "जोरात मार."