दारात उभी राहिलेली आशाबाई

माझा आवाज मोठा आहे, हे मला डॉक्टरांचंही सांगून झालंय. कॅन्सरच्या मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढल्यावर आवाज बारीक राहत नाही. पिशोर गावची आशाबाई पहिल्या दिवशी मान खाली घालून, पदर सावरत उभी राहिली, तेव्हा मी मनात म्हटलं, हिचं कसं व्हायचं!

तिची उमा सहा वर्षांची. महिनाभर ताप हटत नव्हता, कुठं न पडता पायांवर काळेनिळे डाग उठत होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. गावात टॉनिकं झाली, अंगारा झाला. इथं रक्त तपासलं तर मायक्रोस्कोपखाली कच्च्या पेशींची गर्दी. मग कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला आणि नाव पक्कं झालं: ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

डॉक्टरांनी सांगितलेलं आशाबाईनं मला तीनदा विचारून घेतलं. रक्त हाडाच्या आत तयार होतं, तिथंच बिघडलेल्या पेशी माजल्यात. औषध त्यांना मारेल, पण सोबत चांगल्या पांढऱ्या पेशीही जातील, आणि काही दिवस साध्या सर्दीशी लढायलाही पोरीच्या अंगात काही उरणार नाही.

"म्हंजी बाहेरच्या माणसाचा धोका?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

आता आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैरच. औषध सुरू झाल्यावर बाराव्या दिवशी उमाच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या आणि नेमकी त्याच सकाळी पिशोरहून जीपभर माणसं आली. सगळ्यांत पुढं आशाबाईचे सासरे, पुंजारामआबा. त्यांच्यापुढं गावात कुणी तोंड उघडत नाही, असं ऐकून होते. मी आवाज चढवणार, तेवढ्यात आशाबाई दारात आडवी उभी राहिली.

"आत नाय यायचं, आबा."

"माज्या नातीला भेटाया मला तुजी परवानगी लागंल?"

"व्हय." तिचे पाय दारातून हलले नाहीत. "तिच्या अंगात लढाया कायबी उरलं नाय. तुमच्या शिंकेनंबी जाईल ती."

"शहरात येऊन लई शेफारली," मागून भावकीतलं कुणीतरी बोललं. तिला ते लागलं, डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "भेटायलाच आलाव ना? मंग खाली रगतपेढीत जा. उमाला रोज रगत लागतंय. तुमी द्या, तेच भेटणं."

कुणी हलेना. तेवढ्यात आबांना खोकल्याची उबळ आली, चांगली दोन मिनिटं थांबेना. खोकला थांबल्यावर ते दारापासून चार पावलं मागं सरले आणि माणसांवर खेकसले, "ऐकू येत नाय का? खाली चला समदी!"

त्या दिवशी अकरा जणांनी रक्त दिलं. आबांचं वय नियमात बसलं नाही. ते चहासुद्धा न घेता जीपमध्ये जाऊन बसले आणि निघून गेले. सासरचं तुटलं, असं धरूनच आशाबाई त्या दिवशी जेवली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा मगज तपासला. कच्च्या पेशी सापडल्या नाहीत. मी भर वॉर्डात रडले, लाज वाटली नाही. आशाबाईनं डॉक्टरांना हात जोडले आणि विचारलं, "पुढली दवा कवापासून?" आजार दबला म्हणजे संपला नाही, अजून दोन-अडीच वर्षं औषध चालायचं, हे तिला पाठ होतं. शिकलेल्या आईबापांच्या हे गळी उतरवताना माझा घसा बसतो. त्या बाईपुढं मला मनापासून वाकावंसं वाटलं.

तोवर उमाच्या पांढऱ्या पेशीही वर आल्या होत्या. एकेकाला भेटायची मुभा मिळाली, तसा आशाबाईनं गावी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा एकटेच आले. खोकला कधीच गेला होता. दाराबाहेर चपला काढून ते तिथंच थांबले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "येऊ का आत?"

आशाबाईनं पदर पुढं ओढला, मान खाली घातली आणि बेसिनकडं बोट दाखवलं.

"आधी हात धुवा, आबा. साबनानं."

आबांनी ते दोनदा धुतले.