खनिज आणणारी बाई

दुपारी लाइट आली की गल्लीतले सगळे रिकामटेकडे माझ्या घरी जमतात. नवऱ्याचं सायबर कॅफे बुडालं तेव्हा तीन कॉम्प्युटर मी उचलून आणले आणि पुढच्या खोलीत मांडले. आमच्या कारोरा गावाच्या या टोकाला धड चालणारं इंटरनेट फक्त माझ्याकडे आहे. कॉफी ज्याची त्याने आणायची, एवढीच माझी अट. मग गेम सुरू होतात, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. म्हातारा क्रिसान्तो फुटबॉलचा गेम खेळतो आणि हरला की "पंच विकला गेलाय" म्हणून कॉम्प्युटरलाच शिव्या घालतो. माझी भाची मार्युरी झुडपात लपून गोळ्या झाडते. नव्या अपडेटने या गेमचा पार चुथडा केलाय असं ती रोज सांगते आणि रोज तोच खेळते. मी रंगीत फळं जुळवते. त्यात अक्कल लागत नाही, म्हणून तो मला आवडतो.

आणि एदुविहिस खेळायची 'सात बेटं'.

एदुविहिस माझी कोमाद्रे, म्हणजे तिच्या पोराची मी धर्ममाता. योनाइकरला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच धरलं होतं, आणि माझ्या नव्याकोऱ्या झग्यावर तो मुतला होता. कारोरातली सगळी पोरं जातात तसा तोही चिलीला गेला. जाताना आईला हा गेम लावून देऊन गेला. "फोनवर बोलायला वेळ मिळेलच असं नाही, पण गेममध्ये रोज भेटू," म्हणाला. गेम असा की समुद्रात बेटं, बेटांवर डोंगर, डोंगरात खणायचं आणि निघालेल्या खनिजातून जहाज वाढवायचं. योनाइकर लाल दाढीचा कप्तान होता. एदुविहिस होती टोपलीवाली बाई.

"गेम छान आहे गं," ती सांगायची, "पण बंदरावर बसायला एक बाक नाही. पोरगं येईपर्यंत बाईने नुसतं उभं राहायचं. ज्याने बनवला त्याला आई नसणार."

आमच्याकडे पोरगं कितीही मोठं होवो, आई दिसली की आधी "आशीर्वाद, आई" म्हणतं. आईने "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय पुढचं बोलणं नाही. गेममध्येही तेच चालायचं. कप्तान बंदरावर उगवायचा आणि पडद्यावर अक्षरं यायची: आशीर्वाद, आई. एदुविहिस एका बोटाने अक्षरं शोधत उत्तर लिहायची. मग आज काय खाल्लंस, थंडी आहे का, असं थोडं चालायचं. नंतर ती कुदळ घेऊन डोंगरावर जायची आणि टोपली भरून आणून कप्तानाच्या पायाशी ओतायची.

या वर्षी कार्निव्हल झाला आणि कप्तानाला आशीर्वादांची भूकच लागली. पूर्वी भेटताना एकदा आणि निघताना एकदा मागायचा. आता दर टोपलीला. टोपली ओतली की "आशीर्वाद, आई". दुसरी ओतली की पुन्हा तेच. बाकी एक अक्षर नाही. आईचा गुडघा कसा आहे, छप्पर गळायचं थांबलं का, काही नाही.

एदुविहिसला मात्र आनंद मावेना. "बघितलंस कोमाद्रे? किती आठवण येते त्याला माझी!"

"पोरगं एवढे आशीर्वाद मागतं तेव्हा एकतर त्याने खून केलेला असतो, नाहीतर लग्न," मी म्हणाले.

"तुझ्या जिभेला हाड नाही."

ती दुप्पट खणायला लागली. खांदा धरायचा तिचा, घरी गेल्यावर मीठपाण्याने शेकायची. योनाइकरला अंगाखांद्यावर खेळवणारी त्याची मावशी वारली, तेव्हा तिने रडत रडत ते लिहिलं. कप्तान थोडा वेळ नुसता उभा राहिला. मग अक्षरं आली: आशीर्वाद, आई.

"दुःखात माणसाला देवच आठवतो," एदुविहिस म्हणाली आणि पुन्हा कुदळ उचलून चालू लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणातली शेळीसुद्धा माणूस मेलं तर कान हलवते.

दुसऱ्या दिवशी मी तिला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. मार्युरी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी लिहिलं, "तुझ्या धर्ममातेचं नाव काय रे?"

"आशीर्वाद, आई."

"आशीर्वाद गेला खड्ड्यात. नाव सांग."

कप्तान दोन पावलं पुढे आला, दोन मागे गेला. मग भराभरा अक्षरं येऊ लागली. एदुविहिसचा चष्मा घरी राहिला होता. "काय म्हणतोय? मोठ्याने वाच," ती मार्युरीला म्हणाली. मार्युरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाचायला लागली.

"'तुम्ही दुसऱ्याच कोणी आहात का? त्या बाई कुठे गेल्या? हे पात्र मी विकत घेतलंय. जहाज, गोदाम आणि खनिज आणणारी बाई, असा एकत्र सौदा झालाय. विकणारा म्हणाला, हे दोन शब्द लिहिले की बाई डोंगरावर जाते, बदल्यात काही मागत नाही. मी दातांचा डॉक्टर आहे, मला खणायला वेळ नाही.'"

"ती त्याची आई आहे," मी लिहिलं.

"'हो, आई म्हणूनच लिहायचं असं त्याने सांगितलं होतं.'"

"अरे मुडद्या, खरी आई! पोटची!"

यावेळी उत्तराला वेळ लागला. मार्युरीचा आवाज बारीक झाला होता. "'ते तुमचं तुम्ही बघा. मी बाईसकट घेतलंय. बाई येणार नसेल तर मला विकणाऱ्याकडे तक्रार करावी लागेल.'"

क्रिसान्तोने आपली मॅच थांबवली होती. "इतकी वर्षं फुटबॉल बघतोय," तो म्हणाला, "खेळाडू विकलेले पाहिले, पंच विकलेला पाहिला. आईची बदली दुसऱ्या संघात झालेली आज पहिल्यांदा बघतोय." आणि तो खो खो हसला. मार्युरीलाही हसू फुटलं, तिने तोंडात झग्याची बाही कोंबली. मी दोघांनाही हाकलून दिलं असतं, पण माझं लक्ष एदुविहिसकडे होतं.

ती म्हणाली, "सरक."

"काय?"

"सरक म्हणते ना. टोपली अर्धीच राहिलीय. त्या माणसाने तक्रार केली तर पोराला निस्तरावं लागेल, परक्या देशात."

आणि खरंच माऊसला हात घालायला लागली. मी भिंतीतली पिनच उपटली. "माझ्या घरात ही वेठबिगारी चालायची नाही! पोराने विकलं तुला, तुझ्या हातचं चारीठाव जेवून विकलं, आणि तू त्याच्यासाठी खणायला निघालीस?" ती आपला कॉफीचा डबा उचलून घरी गेली.

पुढचे काही दिवस मी तिला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. ती यायची, क्रिसान्तोच्या मॅचकडे बघत बसायची. आणि एका दुपारी तिचा फोन वाजला. नाताळपासून तो वाजला नव्हता, त्यामुळे कशाचा आवाज येतोय हेच आम्हाला आधी कळेना. तिने स्पीकर लावला.

"आशीर्वाद, आई."

"देव तुझं भलं करो, राजा!" एदुविहिस उठून उभी राहिली.

"आई, तू गेममध्ये येत नाहीस ते? मी रोज बंदरावर उभा असतो."

मी तोंड उघडलं. एदुविहिसने आपला अख्खा तळवा माझ्या तोंडावर दाबला. "लाइट नव्हती रे," ती म्हणाली. "उद्या येते."

"ये. आणि टोपल्या जरा जास्त आण. जहाज वाढवायचंय मला."

"आणते. जेवतोस ना नीट?"

पण त्याने फोन ठेवला होता. मी तोंडाला येईल ते बोलले, त्यातलं अर्धं इथे सांगता येणार नाही. तिने ते ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा खणायला लागली. मी अडवलं नाही. गाढवापुढे वाचायची गीता किती वाचायची? डॉक्टरसाहेबांचा आशीर्वाद दर टोपलीला येत होता आणि ती दर टोपलीला देव तुझं भलं करो लिहीत होती. दोन आठवडे तिने डोंगर पोखरला. मग एक दिवस आली ती कॉम्प्युटरकडे न जाता माझ्या वेताच्या खुर्चीत बसली. केस धुतलेले, अंगावर इस्तरीचा झगा, मांडीवर फोन.

"आज खणायचं नाही?"

"गुडघा दुखतोय," ती म्हणाली. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. वेड पांघरून पेडगावला निघाली होती बाई. दुसऱ्या दिवशीही गुडघा दुखला, तिसऱ्या दिवशीही. आणि मग फोन वाजला. काय झालं आई, बरं नाही का, गेममध्ये का नाहीस? तिने गुडघ्याची सगळी कथा सांगितली, शेळी व्याल्याची सांगितली, त्याला ऐकावं लागलं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचे गाल लाल झाले होते.

"इतकी वर्षं खेळतेय कोमाद्रे, पण हा गेम मला आत्ता कळला."

मग तिने तसंच धरलं. थोडे दिवस खणायचं, थोडे दिवस झग्याला इस्तरी करून बसायचं. पण हाव कोणाला सुटलीय? या महिन्यात तिने ताणलं, फार ताणलं. योनाइकरने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "उद्या येते" म्हणाली आणि गेली नाही. काल तिसरा फोन आला. तिने स्पीकर लावला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

योनाइकरने आशीर्वाद मागितलाच नाही.

"म्हातारे, डोकं फिरलंय का तुझं? एक काम सांगितलं होतं तुला, एक! बसल्या जागी खणायचं, तेवढंही जमत नाही? तो माणूस सौदा मोडायला निघालाय! माझ्या तोंडचा घास काढतेस तू! जन्मभर काय केलंस माझ्यासाठी? काय उपयोग आहे तुझा?"

मार्युरीने गेम बंद केला. क्रिसान्तो खाली बघत राहिला. त्या नीचाला काय सुनवायचं ते माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी फोनसाठी हात पुढे केला. एदुविहिसने तो माझ्यापासून लांब धरला, दुसऱ्या हाताने त्याची खालची बाजू झाकली आणि माझ्या कानाशी आली.

"आवाज बघ किती मोकळा येतोय. मागच्या वेळी खोकत होता," ती कुजबुजली. "थांब, एवढ्यात हो म्हणत नाही मी. अजून थोडा वेळ बोलेल तो."