रविवारी साहेब आले

...आणि पुसावा तसा तो पसरतच गेला, रिबिनीवरचा ठिपका — आधी तिळाएवढा होता, आता चिंचोक्याएवढा, मधे काळा आणि कडेला तेलकट तपकिरी. पुसायचा नसतो, फुंकायचा असतो. दिघीतल्या पोरींना हे कुणी शिकवावं लागत नाही. पलीकडच्या हवाई तळावर विमानांची इंजिनं तापवली की काजळी वाऱ्याबरोबर इकडेच येते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, हंड्यातल्या पाण्यावर बसते, पहिल्या घोटाला रॉकेलचा वास येतो. फरीदाला हे सगळं ठाऊक होतं, तरी तिने बोट लावलंच — हात स्वस्थ बसत नव्हते ना आज. जाऊ दे. ठिपक्याची बाजू आत घेऊन तिने रिबिनीचं फूल बांधलं आणि आरशातल्या मुलीला सांगितलं, आज तू बोलणार आहेस, अख्ख्या गावाच्या वतीने, मग एवढ्याशा ठिपक्याने काय होतंय.

"आरशाशी बोलतेस तरी सगळी आळी ऐकतेय," अम्मी चुलीपासून म्हणाली.

"ऐकू दे की."

हा आवाज तिला गेल्या वर्षी सापडला होता. त्याआधी फरीदा म्हणजे युनूस मेकॅनिकची भिंतीकडेला बसणारी मुलगी. हजेरी द्यायची तरी वर्गाच्या शालनबाईंना दोनदा विचारावं लागायचं. मग आठवीत एकदा इंजिनं सुरू झाली आणि वर्ग नेहमीसारखा थांबला. थांबायची गावाची एक रीत आहे — वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि आवाज सरला की ज्या शब्दावर थांबलो तिथूनच पुढे जायचं. भांडणंसुद्धा अशीच चालतात. शिवी अर्धी राहते, मग सावकाश पुरी होते. तर त्या दिवशी बाई खडू धरून उभ्या होत्या आणि फरीदाला थांबायचा कंटाळा आला, इतका की ती उठली आणि इंजिनांच्या वरताण धडा वाचायला लागली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. पोरींनी टाळ्या वाजवल्या — टाळ्या नुसत्या दिसत होत्या — आणि तेव्हापासून तिचं नाव भोंगा. अब्बा गॅरेजात गिऱ्हाइकांना सांगायचे, "हॉर्न बिघडला तर चिंता नको, आमच्या घरात एक आहे." ती चिडायची, पण खोटं खोटं. माझा आवाज होता तो. एवढं मोठं दुसरं काय होतं माझ्याकडे?

मागणं साधं होतं. विमानं थांबवा असं कुणीच म्हणत नव्हतं, तेवढी समज गावाला होती. फक्त इंजिनं तापवायची ती शाळा भरायच्या आधी तापवावीत, नाहीतर सुटल्यावर. पुढच्या वर्षी फरीदाची दहावी, आणि भूमितीचं अर्धं पुस्तक तसंच अडकून पडलेलं. हे ऐकायला संरक्षण खात्याचे साहेब येणार होते. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, पुरुषमाणसं घरी असतात, म्हणून गावाने गुरुवार सुचवला होता. साहेबांनी रविवार म्हटलं. रविवारी तळ मुका असतो हे सरपंच उद्धवरावांना काय ठाऊक नव्हतं? पण ते म्हणाले, "पाव्हन्याला वार इचारायचा असतो, सांगायचा न्हाई." सगळ्यांना ते पटलं. तिलाही.

आणि पाहुणा यायचा म्हणून शनिवारी शाळा धुतली. सगळ्यांत पुढे फरीदाच, ओढणी कमरेला खोचून. सोडा टाकून भिंती घासल्या, काळं पाणी पायरीवरून वाहून गेलं, मग वरून चुन्याचा हात. शेजारच्या तानुबाईंनी हंडे चिंचेने लख्ख केले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं. संध्याकाळी शाळा अशी दिसत होती की उद्धवराव स्वतःच चपला बाहेर काढून आत आले.

साहेब आले ते चांगलेच निघाले, हीच पंचाईत. वयस्क, सौम्य, चष्मा पुसत बोलणारे. पाणी प्यायले. भिंतींवरून नजर फिरवली. खिडकीतून वर पाहिलं, तिथे एक घार तेवढी फिरत होती. मग काहीतरी बोलले. शालनबाई खास चिंचवडहून बसने आल्या होत्या, त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, शाळा छान ठेवलीय. इतकी शांत जागा शहरात मिळत नाही."

...भिंत. माझ्याच हातांनी. साहेब, त्या चुन्याखाली काजळी आहे, नखाने खरवडून बघा, काल पायरीवरून जे पाणी गेलं ते तुम्ही बघायला हवं होतं — पण पाहुण्यासमोर भिंत कोण खरवडतं? उद्धवराव तर खूश होऊन हात जोडत होते.

"आता आमची फरीदा बोलेल," बाई म्हणाल्या.

"माननीय साहेब —"

साहेब दचकले. हातातलं पाणी सांडलं. मग ते हसले, रागाने नाही, आणि हात खाली दाबल्यासारखा केला. बाई तिच्या कानाशी आल्या. "हळू, फरीदा. समोरच बसलेत ते."

तिने आवाज उतरवला. साहेबांचा हात आणखी खाली गेला. तिने आणखी उतरवला, विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसा, एक पायरी, मग आणखी एक, कपाळाला घाम आला. आणि एका पायरीवर असं झालं की ओठ हलत होते, गळ्यात थरथर लागत होती, पण ऐकू काही येत नव्हतं. स्वतःचंच. आणि नेमकं तिथे साहेबांनी मान हलवली — हं, आता कसं. बोल पुढे.

म्हणजे माणसं इथे बोलतात. चिंचवडला, सांगवीला, सगळीकडे माणसं या पायरीवर उभी राहून बोलतात आणि एकमेकांना ऐकू जातात. आणि मला इथे काहीच ऐकू येत नाही. अम्मीच्या बांगड्या... हात हलतो, बांगड्या हलतात, पण वाजत नाहीत, कधीपासून? आणि हजेरीला बाई दोनदा का विचारायच्या — त्यांना ऐकू जात नव्हतं की मला? सापडला म्हणत होते मी, आवाज सापडला, आणि घरभर मिरवत होते...

ती बोलत राहिली. पाठ केलेलं सगळं बोलली असावी. कुठलं वाक्य गेलं, कुठलं राहिलं, तिला कळलं नाही. मग साहेब बोलले. बराच वेळ बोलले, बोटांवर काही मुद्दे घेतले, एकदा नाही अशी मान हलवली, एकदा हो अशी. फरीदाने मागे वळून पाहिलं. उद्धवराव मान डोलावत होते. तानुबाई डोलावत होत्या. दाराशी अब्बा उभे होते, आणि त्यांचा तो चेहरा तिच्या ओळखीचा होता — चालू इंजिनापाशी गिऱ्हाईक काही बोललं की ते असंच हसून हो म्हणायचे. कुणालाच ऐकू येत नव्हतं. मोठ्या माणसाला परत बोलायला लावायचं नसतं, म्हणून सगळं गाव शहाण्यासारखं मान हलवत होतं. मग तिनेही हलवली.

जाताना साहेबांनी बाईंना जीपमधून चिंचवड स्टेशनपर्यंत नेलं. बसण्याआधी बाई तिच्यापाशी थांबल्या, खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. अगदी हळू, मायेने. तिने त्यालाही मान हलवली. बाईंचा हात जरा वेळ खांद्यावरच राहिला.

जीप गेल्यावर सगळे तिच्याभोवती जमले. "काय म्हनले गं साहेब?" उद्धवरावांनी विचारलं, त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात. "तू पुढं व्हतीस."

ते चेहरे.

"बघतो म्हणाले," फरीदा म्हणाली, सगळ्यांना पोचेल अशी. "लवकरच बघतो म्हणाले."

"आमी सांगितलं नव्हतं?" तानुबाई म्हणाल्या. "पोर लई ग्वाड बोलली."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, हवं त्यापेक्षा थोडं जास्तच, आणि मग चपला शोधू लागले. चपला पायातच होत्या.

उद्या बाईंना विचारता येईल, खरं काय म्हणाले ते. येईल विचारता. आणि त्या सांगतील, मायेने, हळू आवाजात...

घराकडे जाताना रस्ता रिकामा होता. दर रविवारी ही शांतता तिला आवडायची. आज ती भरलेली वाटत होती, पलीकडे काय काय चाललेलं, पानांचं, पाखरांचं, माणसांचं, आणि आपण दाराबाहेर. ती भरभर चालायला लागली. सोमवार लवकर यावा असं तिला वाटत होतं. इंजिनं सुरू व्हावीत, सकाळीच, ऐन भूमितीच्या तासाला, खिडक्या थरथराव्यात, कुणालाच कुणाचं काही कळू नये. आपल्याला हे हवंय हे कळूनही ती थांबली नाही.