उशाशी रिकामा तांब्या

मित्रांनो, मी एक जुनी नवारीची खाट आहे. आज मला दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवलंय. जुनं सामान नेणारा यायच्या आत मला एक गोष्ट सांगायचीच आहे. ऐका हो!

एका सुताराने उरल्यासुरल्या लाकडातून मला घडवलं, स्वतःसाठी. दर वर्षी तो माझी नवार ओढून घट्ट करी आणि पाहुण्यांना सांगे, "राजालाही अशी झोप लागत नसेल." मी फुशारून जाई. पुढे तो अंथरुणाला खिळला. त्याचा मुलगा शाळेची बस चालवतो. दिवसभर राबून तो बापाजवळ, खाली जमिनीवर झोपायचा.

एका सकाळी सुतार गेलेला दिसला. उशाशी तांब्या रिकामा होता.

"दादा तहानलेला गेला रे!" आत्याने हंबरडा फोडला. "पाणी भरून ठेवलं नव्हतंस का?"

मुलाला काही आठवेना.

तेव्हापासून तो माझ्यावर झोपतो आणि रोज पहाटे तीनला दचकून उठतो. आत्या म्हणते, पितर अतृप्त असले की झोप मोडतात. शेजारचे काका म्हणतात, ती देवाची वेळ, देवच उठवतो, नाव घे त्याचं. उत्तरेला डोकं नको म्हणून मला फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. माझे पाय फरशीवर घासून झिजले. उशाशी भरलेला तांब्या आला. तरी तो अंधारात हात जोडून रडतो, "बाबा, चुकलो. एक रात्र तरी झोपू द्या."

काल बस चालवताना त्याला डुलकी लागली. बस कुंपणाला घासली. आत चोवीस मुलं होती.

"ही खाटच नको घरात," त्याची बायको म्हणाली.

नको तर नको. पण सुतार गेला त्या रात्री मी जागी होते! तांब्या काठोकाठ भरलेला होता. तीनच्या सुमारास सुतार उठून बसला आणि गटागटा सगळं पाणी प्यायला. मग खोकल्याची उबळ आली, तर त्याने पांघरुणाचा बोळा तोंडावर दाबून धरला. लेकाची झोप मोडली नाही हे पाहून हळूच म्हणाला, "झोप बाळा. सकाळी गाडी काढायचीय तुला."

हेच सांगायला मी रोज त्या वेळी जीव तोडून करकरते. आता इथे उभी असताना मनात येतं, माझ्याच आवाजाने तर तो उठत नसेल ना? या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

हातगाडी आलीच. मित्रांनो, आपल्या शेजारी कुणी थकून झोपलं असेल तर त्याला झोपू द्या. आणि तुमच्यापैकी कुणी त्या बसने जात असेल, तर चढताना ड्रायव्हरकाकांना एवढंच सांगा: तुमचे बाबा पाणी पिऊन गेले.